बेचाळिसावा हात

९ ऑक्टोबर

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच बाजूला ठेवलं असशील, तर इथे बसून मला ते कळणार नाही. म्हणून फोडलंस असं धरून लिहिते. बारा वर्षांत मी तुला दोन भेटकार्डं पाठवली आणि दोन्हींवर नुसती सही ठोकली. दुसऱ्यांना तासातासाची भाषणं लिहून देणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीसाठी चार ओळी सुचू नयेत! मला लाज वाटते त्याची.

आधी खुशाली. गुडघे कुरकुरतात, दात बहुतेक जागेवर आहेत आणि जीभ तर आहेच. सरचिटणीसपद सोडून दोन वर्षं झाली. पक्षाच्या कार्यालयातलं माझं टेबल आता खिडकीपाशी हलवलंय. 'ताईंना उजेड हवा' असं म्हणाले. खरं कारण असं, की आल्यागेल्याने दारातून आत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा माझ्याकडे येऊ नये. नवे अध्यक्ष दाढीवाले आहेत, वयाने तुझ्याएवढे. मला फार मान देतात आणि माझं काही म्हणजे काही ऐकत नाहीत. तरी मी रोज दहाला जाऊन बसते. एकोणिसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून तो जिना चढले, ती सेहेचाळीस वर्षं चढतेच आहे. लोक म्हणायचे, हिचं लग्न पक्षाशीच लागलंय. तू विचारायचीस, 'मग सासू कोण, ते सायक्लोस्टाइलचं मशीन का?' अजून आठवलं की एकटीच हसते.

सध्या एक काम गळ्यात पडलंय. जानेवारीत पक्षाचं पंचविसावं अधिवेशन आहे. आजवरच्या सगळ्या अधिवेशनांची इतिवृत्तं एका खंडात छापायची ठरलीत आणि जुनं माणूस म्हणून प्रुफं माझ्या माथी मारलीत. कुणी कुठला ठराव मांडला, कुठल्या प्रदेशाने किती मतं दिली, सगळं पुन्हा वाचतेय. अध्यक्षांच्या भाषणात छापखान्याने 'टाळ्या' आठ ठिकाणी गाळल्या आहेत. मी त्या परत घालत बसले आहे.

काल एकोणिसावं अधिवेशन हातात आलं. म्हणजे तुझं-माझं ज्यावरून फाटलं ते. पान उघडलं आणि मिटून ठेवलं. किती गोंगाट होता गं त्या दिवशी सभागृहात! मागच्या रांगा मला धड दिसतही नव्हत्या. आता त्याला इलाज नाही.

खंड छापून झाला की तुला एक प्रत पाठवीन. तब्येत सांभाळ.

ताई


२८ ऑक्टोबर

ठमे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दारात हातात दिलं आणि मी चष्मा शोधायच्या आधीच अक्षर ओळखलं. 'र'ची शेपटी अजून तशीच ओढतेस. पुढे मागे काही नाही, खुशाली नाही, सही नाही, एवढंच: 'माझा हात दिसला होता का?'

विचारलंस, तर क्रमाने सांगते.

आपल्या प्रदेशाचे बेचाळीस प्रतिनिधी होते. सहा खुर्च्यांची एक अशा सात रांगा. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क काढून घेण्याच्या कायद्याला पाठिंबा द्यायचा, असा ठराव होता. तू नर्सेसनी निवडून पाठवलेली प्रतिनिधी. मी प्रदेशाची संघटन सचिव. आधी बाजूचे हात मोजायचे, मग विरोधातले, मग माइकपाशी जाऊन आकडा पुकारायचा, हे माझं काम. हे काम मी त्याआधीही कितीतरी वेळा केलं होतं. कोण हात अर्धाच वर करतो, कोण शेजाऱ्याचं बघून करतो, सगळं मला पाठ होतं. प्रदेशाचं मत एकसंध जावं, अशी आपल्याकडची रीत होती, हेही तुला ठाऊक आहे. आदल्या दिवशी बैठकीत भांडा, डोकी फोडा, पण माइकवर एकच आकडा.

मी पुढे उभी होते. तू सातव्या रांगेत. तुझ्यापुढे तो धिप्पाड वकील बसला होता. त्याच्या पाठीमागे हत्ती असता तरी दिसला नसता. मी एक नजर फिरवली, माइकपाशी गेले आणि बोलले, 'बेचाळीस बाजूने, विरोधात शून्य. ठराव एकमताने मंजूर.'

बस, एवढंच झालं. तुला त्याचा त्रास झाला, हे मला मान्य आहे.

ताई


३० ऑक्टोबर

ठमे,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला स्वतःचीच शिसारी आली. पेटीत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. म्हणून हे लगेच लिहिते, म्हणजे दोन्ही लागोपाठ तुझ्या हाती पडतील.

वकील दुसऱ्या रांगेत होता. तुझ्यापुढे ती बुटकी शिक्षिका बसली होती, आणि तिच्यामागे लहान मूलसुद्धा लपलं नसतं.

हात दिसला होता.

मी विचारलं, 'विरोधात?' आणि शेवटच्या रांगेत खिडकीकडच्या खुर्चीत तुझा हात वर गेला. कोपरात न वाकता, सलाइनची बाटली धरावी तसा सरळ. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्या हाताला पेन्सिल धरायला मी शिकवलं. त्याचं प्लास्टर काढताना तू माझ्या दंडाला चावली होतीस. भरल्या सभागृहात तो मला ओळखू येणार नाही? मी मोजलेही होते, एक्केचाळीस आणि एक. कागदावर तसंच लिहिलं होतं.

आपल्या प्रदेशाचे तेव्हाचे पुढारी, थोरले साहेब, बाजूलाच उभे होते. कागदाकडे बघून म्हणाले, 'एकमताने म्हणून टाका, ताई. एका हातासाठी प्रदेशाची शोभा नको.' आदल्याच दिवशी जेवताना त्यांनी सरचिटणीसपदासाठी माझं नाव काढलं होतं. त्यांनी मला धमकी दिली नाही, लालूचही दाखवली नाही. त्याची गरजच नव्हती. मला ते पद हवं होतं, ठमे. टायपिस्ट म्हणून ज्यांच्या पत्रांवर तारखा घातल्या, त्यांच्या खुर्चीत मला बसायचं होतं. साहेब आता नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण बोललेली जीभ माझी होती.

रांगेपासून माइकपर्यंत तीसेक पावलं होती. त्यातल्या कुठल्याही पावलाला मला थांबता आलं असतं. मी शून्य म्हणाले. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी मागे वळून पाहिलं, तर तुझा हात अजून वर होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहू दे. तू वॉर्डात जाऊन सांगितलंस की मी विरोधात मत दिलं. त्यांनी छापील इतिवृत्त तुझ्यापुढे टाकलं आणि विचारलं, 'मग हा शून्य कुणाचा?' ज्यांनी तुला निवडून पाठवलं, त्यांनी तुला खोटारडी ठरवलं. डबा उघडलास की बाकीच्या उठून जायच्या. तू माझ्या कार्यालयात आलीस, ड्यूटीवरून तशीच, पायात पांढरे बूट. म्हणालीस, 'ताई, दोन ओळी लिहून दे फक्त. मी हात वर केला होता, एवढंच.' मी म्हणाले, 'बघते.' तू तीनदा आलीस आणि मी तीनदा 'बघते' म्हणाले. चौथ्यांदा आली नाहीस. बदली मागून घेऊन इतक्या लांब निघून गेलीस, हे मला शिपायाकडून कळलं.

त्यानंतर दहा वर्षं मी सरचिटणीस होते. चांगली होते, असं लोक म्हणतात. त्या खुर्चीत एक दिवसही मला निवांत वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पुष्कळ दिवस छान गेले. पण विरोधातले हात मोजायची वेळ आली की मी समोरच्या कागदांत डोकं घालायचे.

मी तुझ्याशी वाईट वागले. पुढारी म्हणून वागले ते वागले, बहीण म्हणून जास्त वाईट वागले. मला माफ करशील का?

ताई


२४ नोव्हेंबर

ठमे,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट बघत बसले नाही, असं खोटंच लिहिणार होते. रोज बघते.

दरम्यान अध्यक्षांच्या खोलीत गेले. प्रुफाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, 'हे चुकीचं आहे. एक्केचाळीस आणि एक हवं. चूक माझी आहे.'

ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. 'ताई, बारा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढता? ठराव तेव्हाही मंजूर होता, आताही मंजूरच राहणार. एका मताने काय फरक पडतो?'

'ठरावाला काही नाही पडत,' मी म्हणाले. 'तुमच्या छापील कागदाने एक नर्स खोटी ठरली, तिला पडतो.'

'पण अधिवेशनात तुमचा सत्कार ठरलाय. मानपत्र लिहून तयार आहे.'

'मग ते राहू द्या. खर्च वाचला म्हणा.'

ते दाढी खाजवत बसले. मग हळूच म्हणाले, 'नियम माहीत आहे ना तुम्हाला?'

मला माहीत नसायला काय झालं! तो मीच लिहिलाय. सरचिटणीस असताना एका जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या पुकारणाऱ्याने आकडा फिरवला, तेव्हा मी ठणकावून कलम घातलं होतं, की मतांचा खोटा आकडा पुकारणाऱ्याचं प्रतिनिधीपद कायमचं रद्द. त्या म्हाताऱ्याने हात जोडले होते आणि मी 'नियम म्हणजे नियम' म्हणाले होते. तेव्हा माझी जीभ जराही अडखळली नाही, याचं आज नवल वाटतं.

दुसरी अट अशी, की दुरुस्ती अधिवेशनानेच करायची आणि ज्याचं मत चुकीचं नोंदवलं गेलं, त्याने स्वतः लेखी निवेदन द्यायचं. माझ्या एकटीच्या सांगण्यावर होत नाही. सोबत तो फॉर्म आहे. पंधरा डिसेंबरच्या आत यायला हवा.

तुला तो भरायचा नसेल तर भरू नकोस. त्या गावाचं, त्या वॉर्डाचं तोंड बघायची इच्छा नसेल, तर मी समजू शकते. आणि भरलास, तर तू मला माफ केलंस असं मी धरून चालणार नाही. फॉर्मवर तसा रकाना नाही, मी नीट पाहिलं.

एक कबूल करते. मला भीती वाटते. सोळा अधिवेशनं मी प्रतिनिधी म्हणून गेले. कुणाला कुठल्या शाळेच्या वर्गात उतरवायचं, घोरणाऱ्यांना वेगळं कसं काढायचं, पहिल्या रांगेसाठी रुसलेल्यांची समजूत कशी घालायची, यातच माझी उमर गेली. छातीवर बिल्ला नसलेली मी मलाच ओळखीची नाही. पण हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. तुला खरं सांगायची सवय लावून घेते आहे.

ताई


१९ जानेवारी

ठमे,

तुझा फॉर्म चौदा डिसेंबरला आला, मुदतीच्या एक दिवस आधी. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नव्हती. निवेदनाला दहा ओळींची जागा होती, तू एकच लिहिली होतीस: 'मी हात वर केला होता आणि तो खाली घेतला नव्हता.' मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही.

काल अधिवेशन संपलं. आता जे झालं ते सांगते.

इतिवृत्तांचा विषय आला तेव्हा अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. लोकांना वाटलं सत्काराला बोलावतायत, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. अशा टाळ्यांत चालणं फार वाईट. माइकपाशी जाऊन मी त्यांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, 'एकोणिसाव्या अधिवेशनात आमच्या प्रदेशाचा आकडा मी खोटा पुकारला. एक हात विरोधात होता. तो मी पाहिला होता, मोजला होता आणि शून्य म्हणाले. तो हात माझ्या बहिणीचा होता. ती खरं बोलली आणि खोटी ठरली, माझ्यामुळे.' याहून जास्त काही तयार केलं होतं, पण तो कागद उघडलाच नाही.

मग सभागृहात जो कालवा झाला! कुणी म्हणालं, म्हातारीला चढलंय. कुणी म्हणालं, विरोधकांच्या हातात कोलीत देताय. आपल्यातलाच एकजण ओरडला, 'ताई, घरचं भांडण घरी मिटवा!' तेवढ्यात मागून ती बुटकी शिक्षिका उठली. आता काठी घेऊन चालते. तिला माइक मिळेना, तर तशीच ओरडून म्हणाली, 'मी तिच्यापुढे बसले होते. मी मागे वळून तो हात पाहिला होता. मीही बारा वर्षं गप्प बसले.' आणि खाली बसून रडायला लागली.

दुरुस्ती मताला टाकली. ती मंजूर झाली. तीसेक हात विरोधात होते आणि मोजणाऱ्या मुलीने तेही एक-एक करून मोजले. मग अध्यक्षांनी कलम वाचलं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन निघेना, मोजणाऱ्या मुलीने काढून दिली. बाजूच्या दाराने बाहेर आले आणि बागेतल्या बाकावर बसले. आत जायचा हक्क आता नव्हता. पण कर्णा बाहेरही लावला होता, त्यातून मी ऐकलं, 'एक्केचाळीस बाजूने, विरोधात एक.' मी रडले, ठमे. बिल्ल्यासाठी नाही. बारा वर्षांनी तुझं मत कुणीतरी मोठ्याने म्हटलं, म्हणून.

आज सकाळी दुरुस्तीची शिक्का मारलेली प्रत घेऊन तुझ्या जुन्या रुग्णालयात गेले. तुझ्या वेळच्या बहुतेक जणी निवृत्त झाल्यात. तुझ्यावर सगळ्यांत जास्त तोंडसुख घेतलेली ती उंच बाई आता हेडनर्स आहे. तिने उभ्या उभ्या कागद वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. म्हणाली, 'आम्ही तिला फार बोललो हो. तिच्या डब्याला लाथ मारली होती मी.' आणि तो कागद तिने स्वतःच्या हाताने सूचनाफलकावर लावला, मध्यभागी, सुट्ट्यांच्या यादीवर. तुझा पत्ता मागत होती. मी दिला नाही. आधी तिला विचारते, म्हणाले. तुला न विचारता तुझ्या नावाने काही करायचं नाही, एवढं तरी मी शिकले आहे.

बिल्ल्याबरोबर खिडकीपाशचं टेबलही सोडलं, आता उद्यापासून दहाला कुठे जायचं नाही. सकाळ केवढी मोठी असते गं! मला तुला भेटायचंय. तुझे केस पांढरे झाले असतील, तेही मी पाहिलेले नाहीत.

मागे विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. आणखी एकदाच विचारते, मग कधी नाही विचारणार. मला माफ केलंस का?

ताई


२७ जानेवारी

ताई,

हेडनर्सला पत्ता दे. तिने लिहिलं तर वाचीन, उत्तराचं तेव्हा बघू. त्या शिक्षिकाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी वळून पाहिलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुझी सगळी पत्रं वाचली. वकिलाचं पत्र वाचून मी ताट भिंतीवर फेकलं होतं. नंतरचं आलं तेव्हा तीन दिवस कामावर माझं लक्ष नव्हतं.

तू विचारलंस, माफ केलं का. नाही केलं. बारा वर्षं आहेत ती, एका कागदाने भरत नाहीत. पुढे कधी होईल की नाही, मला ठाऊक नाही. हे 'नाही' आहे तसंच राहू दे. याचं ओढूनताणून काही गोड करून घेऊ नकोस आणि दुसऱ्या कुणाला सांगताना बदलू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीत बस. ती इकडे सव्वादोनला येते, माझी ड्यूटी दोनला संपते. स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहा, इकडेतिकडे फिरू नकोस. गरम कपडे आण, इथे वारा फार आहे. खोली एकच आहे, पण दुसरी खाट कालच आणून टाकली.

ठमी